बोहारणीच्या वाटेनं जुन्या बाजारात

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला बोलावलंय ते फेरीवाल्या बायांच्या प्रश्नावर बोलायला. पण सुरुवात जरा वेगळीच करते. गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "ताई, मुंबईत व्हिंटेज कपडे, जुन्या वस्तू कुठे मिळतात हो? तुम्ही सगळीकडे हिंडता, तुम्हाला ठाऊक असेल." मी तिला दोन-चार ठिकाणं सांगितली आणि विषय संपला. घरी आल्यावर मात्र वाटलं, आपण तिला अर्धाच पत्ता दिला. बाजार कुठे भरतो ते सांगितलं, माल कुठून येतो ते सांगितलंच नाही.

तर आधी बाजार. मुंबईत जुनं म्हटलं की चोरबाजार. नळबाजाराच्या मागे मटण स्ट्रीट आहे, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. जुनी घड्याळं, ग्रामोफोन, झुंबरं, सिनेमाची पोस्टरं, पितळेच्या मुठी, आरामखुर्च्या, सगळं तिथे. ही दुकानं शुक्रवारी बंद. पण त्याच शुक्रवारी उजाडायच्या आत त्या परिसरात रस्त्यावर बाजार मांडला जातो आणि खरा जुना बाजार तोच. कामाठीपुऱ्याजवळच्या देढ गल्लीतही शुक्रवारी अशीच पहाटे गर्दी होते, तिथे जुने बूट-चपला. ऊन चढायच्या आत सगळं आवरतं. पुण्याच्या मैत्रिणींना मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार माहीतच आहे.

चोरबाजाराच्या नावाची एक गोष्ट सगळे सांगतात. मूळ नाव म्हणे 'शोर बाजार', गोऱ्यांच्या उच्चारात त्याचं चोर झालं. दुसरी गोष्ट राणी व्हिक्टोरियाची. ती मुंबईत उतरली, तिचं सामान चोरीला गेलं आणि या बाजारात सापडलं. आता राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानात कधी आलीच नाही, तर सामान कसं चोरीला जाईल? पण गोष्ट अजून चालू आहे. राणीच्या न हरवलेल्या सामानाची एवढी चर्चा, आणि या बाजारात रोज माल आणून टाकणाऱ्या बाईबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

ती बाई तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला कपड्यांचं गाठोडं. आपण तिला बोहारीण म्हणतो, काही घरांत भांडेवाली. मुंबईतल्या यातल्या बऱ्याच जणी गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजाच्या. हा शब्द तिकडे शिवीसारखा वापरला जातो, म्हणून त्या समाजानं 'देवीपूजक' हे नाव घेतलं. आपणही तेच वापरावं.

माझ्या लहानपणी चाळीत ती दुपारी यायची. पुरुष कामावर, बायांचं जेवणखाण उरकलेलं. वेळ तिनं बरोबर हेरलेली असायची. आई ट्रंकेतून कपडे काढायची आणि सौदा सुरू व्हायचा. बोहारीण शर्टाची कॉलर उलटून बघायची, पँट उजेडात धरून बसायच्या जागी विरलीय का ते तपासायची. सुती साडीला ती नाक मुरडायची, पँटला तिचा डोळा चमकायचा, कारण पँट पुन्हा विकली जाते. आई म्हणायची, "एवढ्याला पातेलं दे." ती म्हणायची, "वाटी घ्या बाई, फार तर ताटली." उठून जायचं सोंग दोघी करायच्या. शेवटी एक शर्ट वर टाकून पातेलं घरात यायचं. वडिलांना न विचारता आईनं केलेला घरातला एवढाच एक व्यवहार मला आठवतो. पैसा मध्ये नव्हता, म्हणून तो तिच्या हातात होता. वडिलांची एक पँट अशीच गेली आणि त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता, ते सोडा.

आपल्या दृष्टीनं व्यवहार तिथे संपतो. तिचा तिथे सुरू होतो. भांडी घाऊक दुकानातून आणलेली, पुष्कळदा उधारीवर, ती फेडायची असतात. गाठोडं घरी गेलं की कपडे निवडायचे, धुवायचे, डाग काढायचे, बटणं लावायची, उसवलेलं शिवायचं, इस्त्री करायची. हे काम घरातल्या बाया आणि मुली करतात आणि त्याचा वेगळा हिशेब कोणी धरत नाही. मग पहाटेचा बाजार. दिल्लीत रघुबीर नगरला घोडा मंडी नावाचा जुन्या कपड्यांचा बाजार पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. शहरभर फिरून गोळा केलेला माल बाया तिथे घेऊन बसतात आणि व्यापारी टॉर्चच्या उजेडात निवड करतात. लूसी नॉरिस या अभ्यासक बाईंनी त्यावर पुस्तकच लिहिलं आहे, २०१० साली आलं. आपल्या कपाटातून निघालेली साडी किती हातांतून जाते ते त्यात सविस्तर आहे. बरी असेल ती दुरुस्त होऊन दुसऱ्या गरीब बाईच्या अंगावर जाते. रेशमी असेल तर फाडून तिच्या उशा, पडदे, परदेशी पर्यटकांसाठी घागरे. अगदीच विरलेली असेल ती कारखान्यात यंत्रं पुसायला.

जरीची गोष्ट तर आणखी वेगळी. जुनी जरी म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. ती जाळून चांदी काढतात. आजीचा शालू घरातल्या कोणी "आता कोण नेसणार" म्हणून वजनावर देऊन टाकला, असं तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी झालंय? हात वर करा. बघा, निम्म्या सभेचे हात वर आहेत. आज तशाच शालूचा नुसता पदर चौकटीत बसवून दुकानात लटकतो आणि त्याखाली 'हेरिटेज' लिहिलेलं असतं.

या बाजारात आणखी एक धागा येऊन मिळतो, तो परदेशातला. रस्त्यावर ढीग लावून विकतात ते लोकरीचे कोट, जाकिटं, ते आपल्या घरांतलं नसतं. परदेशातले वापरलेले कपडे गासड्यांनी कांडला बंदरात येतात आणि तिथल्या कारखान्यांत ते निवडायचं काम मुख्यतः बायाच करतात. बरेचसे कपडे कापून हरियाणात पानिपतला जातात, तिथे त्यांचा धागा सोडवून स्वस्त ब्लँकेटं बनतात. मेघना गुप्तांचा 'अनरॅव्हल' नावाचा छोटा माहितीपट आहे, २०१२ सालचा. मिळाला तर गटात जरूर दाखवा. त्यातल्या पानिपतच्या कामगार बाया कपडे कापता कापता विचार करतात, की एवढे धड कपडे तिकडच्या बायका का टाकत असतील? त्यांचा अंदाज असा, की तिकडे पाणी महाग असणार, धुण्यापेक्षा टाकणं परवडत असेल. मी हे पाहून आधी हसले. मग वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईनं जगाचा हिशेब पाण्यावरूनच मांडला, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण संघटनेचा त्याच्याशी संबंध काय? तर थेट संबंध आहे. अहमदाबादमध्ये १९७१ साली कापडबाजारात ओझी वाहणाऱ्या बायांनी मजुरीच्या तक्रारी घेऊन मजूर महाजन या कामगार संघटनेच्या महिला विभागाकडे धाव घेतली. इला भट्ट तेव्हा तिथे काम करत होत्या. त्या बायांचं ऐकलं गेलं ही बातमी पसरली आणि पाठोपाठ जुने कपडे विकणाऱ्या बाया आल्या. एका बागेत त्यांची सभा झाली, शंभरावर जणी जमल्या. त्या सभेत गर्दीतली एक बाई म्हणाली, आपली स्वतःचीच संघटना का काढू नये? त्यातून त्या डिसेंबरात 'सेवा' जन्माला आली. तिची कामगार संघटना म्हणून नोंदणी झाली १९७२ साली, तीही सहज नाही. सरकारी कचेरीत प्रश्न असा निघाला, की या बायांना मालकच नाही, मग तुम्ही लढणार कोणाविरुद्ध? १९७४ साली चार हजार बायांनी दहा-दहा रुपये काढून स्वतःची बँक उभी केली. आज जगभर ज्या संघटनेचं नाव घेतात, ती जुन्या कपड्यांची गाठोडी वाहणाऱ्या बाईच्या एका वाक्यातून निघाली. त्या बाईचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. राणी व्हिक्टोरियाचं आलं.

त्याच अहमदाबादेत साबरमतीच्या पात्रात एलिस पुलाखाली दर रविवारी गुजरी बाजार भरायचा. अहमदशहाच्या काळापासून भरतो असं सांगतात. खाटा, भांडी, पुस्तकं, अवजारं, कपडे, बकऱ्यासुद्धा. विकणारे बहुतेक मुसलमान, दलित, देवीपूजक, आणि त्यांत बाया मोठ्या संख्येनं. नदीकाठ सुशोभित करायचा ठरला, तेव्हा बाजार उठणार अशी वेळ आली. विक्रेत्यांच्या संघटनेनं हायकोर्टापर्यंत जाऊन झगडा दिला. शेवटी २०१४ साली त्यांना नदीकाठीच बांधलेली नवी जागा मिळाली. काही गमावलं, पण बाजार उरला. संघटना नसती तर काय झालं असतं ते मी सांगायला नको.

त्याच वर्षी, २०१४ साली, पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आला. त्यातल्या दोन गोष्टी लिहून घ्या. एक, शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया. दोन, पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार 'वारसा बाजार' म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. आपल्या भागातला कुठला जुना बाजार असा जाहीर झालाय का, हे महापालिकेत अर्ज करून विचारता येतं. माहितीचा अधिकार आहे, तो वापरा.

पण बोहारीण या कायद्यात कुठे बसते? व्याख्येत फिरते विक्रेतेही आहेत, म्हणजे कागदावर ती आहे. प्रत्यक्षात सर्वेक्षण करणारा माणूस ठेल्याला, पथारीला क्रमांक लावतो. ती दुपारी तुमच्या जिन्यात असते, पहाटे बाजारात, एका जागी कधीच नसते. शिवाय ती विकते की विकत घेते? भांडं देते, कपडा घेते. अर्जात हा धंदा कुठल्या रकान्यात लिहायचा? मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात लाखाच्या जवळपास अर्ज आले, पात्र ठरले त्यातले थोडे. अधिवासाचा दाखला ही मोठी अडचण होती. लग्न होऊन परराज्यातून आलेल्या, लाइटबिलावर नाव नसलेल्या बाईनं तो आणायचा कुठून?

आणि कायद्याच्याही आधी तिला अडवलंय आपण. आपल्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे, 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही'. वॉचमन तिला हटकतो. चोरीची भीती म्हणून ठराव होतो आणि हात वर करणाऱ्यांत आपणही असतो. माझ्या सोसायटीत असा ठराव झाला तेव्हा मी गप्प बसले होते, हे इथे कबूल करते. नंतर तो बदलून घ्यायला दोन वर्षं लागली. आता बुधवारी दुपारी दोन ते चार तिला आत येऊ देतात. अजूनही कोणी ना कोणी कुरकुरतंच.

दरम्यान, त्या कॉलेजच्या मुलीसारख्या तरुण मुली मोबाइलवर जुने कपडे विकायची दुकानं चालवतात. मला ते वाईट वाटत नाही. त्यातल्या कितीतरी जणींची ती पहिली स्वतःची कमाई असते, आणि नवं घेण्याच्या हव्यासापेक्षा जुनं वापरणं केव्हाही बरं. माझं म्हणणं एवढंच, की बाजारातल्या बाईकडून साठ रुपयांचा ब्लाउज चाळीसला मागायचा आणि तोच फोटो काढून सहाशेला विकायचा, यात घासाघीस कुठे करायची याचं भान हवं. मटण स्ट्रीटवरच्या दुकानदाराशी खुशाल निम्म्यावरून सुरू करा, त्यानं ते गृहीत धरलेलंच असतं. पथारीवाल्या बाईशी तसं करू नका.

एक आणखी. शिल्पा फडके, समीरा खान, शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायांच्या वावरावर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं, २०११ साली. त्यांचं म्हणणं, रस्त्यावर बाईला काहीतरी काम दाखवावं लागतं, नुसतं रेंगाळायची तिला मुभा नाही. खरेदी हे त्यातलं सभ्य काम. तर जुन्या बाजाराचं निमित्त करून पहाटे रेंगाळून या. पुरुष टक लावून बघतील, तिघी-चौघी मिळून गेलात तर त्यांनाच कंटाळा येईल. खरी अडचण वेगळी आहे. त्या वेळी तिथे बाईला जायला धड संडास नाही. गिऱ्हाईक बाई तासाभरात घरी जाते. मांडून बसलेली बाई पाणी न पिता बसते. आम्ही याची नोंद करायला घेतली आहे, कुठला संडास किती वाजता उघडतो, पैसे किती घेतात, कडी लागते का.

त्या मुलीला मी बरोबर नेणार आहे. आणखी चौघींनी नावं दिली आहेत. शुक्रवारी पहाटे साडेपाचला ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला तिकीटखिडकीपाशी भेटायचं. कापडी पिशवी आणा, सुटे पैसे आणा, आणि नोंदीसाठी एक वही.