नाशिकची लेणी आणि व्हिएन्नाची विद्वत्सभा

नाशिक शहरातून मुंबईच्या रस्त्याने सुमारे पाच मैल गेले म्हणजे माथ्याकडे निमुळता होत गेलेला एक डोंगर दिसू लागतो. त्याच्या कुशीत चोवीस लेणी आहेत. लोक त्यांस पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काडीइतका संबंध नाही. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी, आणि लेणी कोरविली ती बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठी. शाळांच्या सहली येथे येतात, मुले पायऱ्या धावत चढतात, मूर्ती पाहतात आणि शिदोऱ्या सोडतात. ओसरीच्या भिंतींवर ओळीच्या ओळी अक्षरे खोदलेली आहेत, त्यांकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. असे असता याच अक्षरांवरील एक निबंध १८७४ साली लंडनच्या विद्वत्सभेपुढे गेला, आणि ज्यांनी तो लिहिला ते गृहस्थ बारा वर्षांनी स्वतः युरोपातील तशाच सभेस जाऊन बसले. ते गृहस्थ म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

आधी ती अक्षरे काय सांगतात ते पाहू. लेखांची लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतील एकात देवघेवीचा असा चोख हिशेब आहे की आजच्या पेढीवरच्या मुनिमानेही मान डोलवावी. उषवदाताने लेणे संघास दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेविली. ठेव ठेविली ती गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. गोवर्धन हे गाव नाशिकच्या पश्चिमेस आजही नांदत आहे. दोन हजारांवर व्याज दरमहा शेकडा एक, उरलेल्या एक हजारावर शेकडा पाऊण. मूळ रक्कम परत मागावयाची नाही, केवळ व्याज भोगावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी, म्हणजे हिशेब पुरा. ही सारी हकीकत निगमसभेत वाचून फलकावर नोंदविली, असेही लेख बजावून सांगतो. पलीकडे तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तो खोदविला, आणि आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा वंश निर्मूळ करून सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापिले, असे त्यात सांगितले आहे. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचा कणा तो हाच.

ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली केला. त्याच वर्षी ६ जुलैस मालवण येथे भांडारकरांचा जन्म झाला. शिक्षण रत्नागिरीस व मग मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. सिंध हैदराबाद आणि रत्नागिरी येथील सरकारी हायस्कुलांत हेडमास्तर असताना आणि त्यानंतर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके रचिली. पहिले १८६४ साली निघाले. त्याचे मराठी रूप ‘मार्गोपदेशिका’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले. ज्या घरांत वाडवडिलांनी मॅट्रिकला संस्कृत घेतले होते त्या घरांतील एखाद्या फडताळात त्याची जीर्ण प्रत अद्यापही सापडेल.

एल्फिन्स्टन कॉलेजात डॉ. ब्यूलर यांच्या जागी त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून केले. परंतु जागा कायम भरण्याची वेळ आली तेव्हा, १८७३ साली, ती विलायतेहून आलेल्या डॉ. पीटरसन यांस देण्यात आली आणि भांडारकर दुय्यमच राहिले. त्यांस पूर्ण प्राध्यापकाचे पद मिळाले ते १८८२ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ही गोष्ट सांगावयाची ती जुना सल उकरण्यासाठी नव्हे. येथे दुय्यम ठरलेल्या मनुष्यास पुढच्याच वर्षी लंडनच्या परिषदेचे निमंत्रण यावे, हा योग ध्यानात यावा म्हणून.

प्राच्यविद्यापंडितांची ही आंतरराष्ट्रीय परिषद १८७३ साली पॅरिसला प्रथम भरली. दुसरी लंडनला, १८७४ च्या सप्टेंबरात. घरच्या अडचणीमुळे भांडारकरांस जाता आले नाही. त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील लेखांवर निबंध लिहून पाठविला आणि तो परिषदेच्या १८७६ साली छापलेल्या वृत्तान्तात आला. निबंध समुद्र ओलांडून गेला, निबंधकार इकडेच राहिले.

यात उणे काय, असे कोणी विचारील. विद्या कागदावरून जात नाही काय? जाते, पण कागदास प्रतिप्रश्न करता येत नाही आणि शंकेचे निरसन करता येत नाही. याचा अनुभव भांडारकरांनी आधीच घेतला होता. महाभाष्यकार पतंजली पुष्यमित्र शुंगाच्या काळचा, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, हे त्यांनी महाभाष्यातील उदाहरणवाक्यांवरून दाखविले होते. बर्लिनचे प्रख्यात पंडित वेबर यांस ते मान्य नव्हते. हा वाद मुंबईच्या ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकातून झडला. एकाचे म्हणणे छापावे, ते बोटीने बर्लिनला जावे, तिकडचे उत्तर बोटीने यावे, यात महिनेच्या महिने लोटत. दोघेही आपापल्या खोलीत दिव्यापाशी बसून ज्याचे तोंडही पाहिले नाही अशा प्रतिपक्षाशी भांडत होते. अशा भांडणात शब्द जरा धारदार होतात, याचा अनुभव कोणास नाही?

पुढे १८८५ साली गटिंगेनच्या विद्यापीठाने भांडारकरांस सन्मानार्थ डॉक्टर ही पदवी दिली, आणि १८८६ च्या सप्टेंबरअखेर व्हिएन्ना येथे परिषदेची सातवी बैठक ठरली तेव्हा मुंबई सरकारने त्यांस प्रतिनिधी म्हणून पाठविले. त्या वेळी त्यांचे वय एकोणपन्नास. समुद्र ओलांडणाऱ्यास वाळीत टाकू पाहणारी मंडळी त्या काळी थोडी नव्हती. त्याच साली डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून वैद्यकीची पदवी घेऊन परत आल्या. तेवढ्यासाठी त्या कुटुंबास काय काय ऐकावे लागले ते सर्वश्रुत आहे. भांडारकर प्रार्थनासमाजाचे पुढारी, तेव्हा प्रायश्चित्ताची धास्ती बाळगणाऱ्यांपैकी ते नव्हते. श्यामजी कृष्णवर्मा हे त्यांच्यापूर्वी बर्लिन व लायडन येथील बैठकांस जाऊन आले होते. पुढे नाशिकजवळच्या भगूरच्या सावरकरांस ज्यांची शिष्यवृत्ती मिळाली, तेच हे श्यामजी.

व्हिएन्ना तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाची राजधानी. जुना तट पाडून त्या जागी रुंद वर्तुळाकार राजमार्ग काढलेला आणि त्याच्या कडेने नवनवे प्रासाद उठत असलेले. विद्यापीठाची भव्य इमारत दोनच वर्षांपूर्वी खुली झाली होती. सभेत भाषा चालत त्या जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी. ज्या शास्त्राची चर्चा व्हावयाची त्याची भाषा संस्कृत; ती त्या दालनात जन्मापासूनचे संस्कार म्हणून घेऊन आलेला मनुष्य विरळा. तरी हे शहर भांडारकरांस अगदीच परके नव्हते, कारण तेथे ब्यूलर होते. मुंबई इलाख्यात सतरा वर्षे काढलेले, एल्फिन्स्टनमध्ये शिकविलेले, गुजराथेत शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर म्हणून गावोगाव हिंडलेले ब्यूलर आता व्हिएन्नास अध्यापक होते. परक्या शहरात ओळखीचा एक चेहरा असला म्हणजे अर्धे शहर ओळखीचे होते.

भांडारकरांनी आर्य शाखेपुढे निबंध वाचला तो रामानुजीय मत आणि भागवत अथवा पांचरात्र संप्रदाय यांवर. विषयाची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. वेद आणि व्याकरण यांवर युरोपात भरपूर काम झाले होते. भक्तिमार्गाचे जुने ग्रंथ मात्र मठांतून आणि घरांतून हस्तलिखितांच्या रूपात पडलेले होते, आणि मुंबई इलाख्यातील हस्तलिखितांच्या सरकारी शोधाचे काम भांडारकरांच्याच हाती होते. तेव्हा तिकडच्या पंडितांजवळ जे नव्हते नेमके तेच त्यांनी नेले. याच विषयाचे पुढे वाढून एक पुस्तक झाले: वैष्णव, शैव व इतर पंथांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ. तो १९१३ साली स्ट्रासबर्ग येथे, ब्यूलर यांनी आरंभिलेल्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. ब्यूलर तेव्हा हयात नव्हते. १८९८ साली कॉन्स्टन्सच्या सरोवरात त्यांचा बुडून अंत झाला होता.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट घडली. तिचा मराठी भाषेशी निकटचा संबंध असूनही तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी असा ठराव आला. त्यामागे ग्रिअर्सन यांची खटपट होती. ठराव मांडला ब्यूलर यांनी आणि त्यास अनुमोदन दिले वेबर यांनी. ज्या वेबरांशी बारा-तेरा वर्षांपूर्वी कागदावर वाद झाला होता, ते आता त्याच परिषदेचे सभासद होते. त्या ठरावाचे फळ म्हणजे ग्रिअर्सन यांचे भाषापाहणीचे खंड. १९०३ पासून १९२८ पर्यंत ते निघत राहिले. सातवा खंड मराठीचा, १९०५ सालचा. वऱ्हाडी, कोकणी, हळबी यांचे नमुने त्यात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

परत आल्यावर भांडारकरांनी या प्रवासाची हकीकत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचली. १८८८ साली एका व्याख्यानात त्यांनी चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धतीचे विवेचन केले. पाश्चात्य पंडितांचा व्यासंग त्यांस मनापासून आवडे. त्यांचे तर्क मात्र ते तपासल्यावाचून स्वीकारीत नसत. आपल्याकडे या दोहोंपैकी एकच गोष्ट साधणारे पुष्कळ आढळतात.

नाशिकच्या लेखांचे पुढे काय झाले? भांडारकरांचे वाचन हे काही अखेरचे ठरले नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिक गॅझेटियरसाठी ते पुन्हा वाचले, ब्यूलर यांनी वाचले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पंडित सनार यांनी पुन्हा एकवार संपादिले. प्रत्येकाने आधीच्याची काही अक्षरे सुधारली. मग १९०६ साली नाशिक जिल्ह्यातच, गोदाकाठच्या जोगलटेंभी गावी, नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. बलश्रीने भिंतीवर खोदविलेल्या पुत्राच्या पराक्रमाची साक्ष अशी जमिनीतून वर आली. भांडारकर तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या नावाची संशोधनसंस्था पुण्यास ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, स्थापन झाली. १९१९ च्या नोव्हेंबरात तिच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांस देण्यात आले. या वेळी परक्या शहरात येण्याची पाळी इतरांची होती. दुसरी परिषद १९२२ साली कलकत्त्यास भरली. तिच्या अध्यक्षस्थानी पॅरिसहून हिंदुस्थानात आलेले सिल्व्हाँ लेव्ही होते.