मेंदूची इजा आणि आपला शेजारधर्म
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमचे आयुष्य खडू-फळ्याशी गेले. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तथापि एका घरगुती प्रसंगाने जे शिकविले, ते आपणांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

काही वर्षांपूर्वी आमचा पुतण्या कराडजवळ हमरस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. डॉक्टरांनी शर्थ करून जीव वाचविला. जखम भरली, तो हिंडूफिरू लागला, घरी सत्यनारायणही झाला. परंतु परत आलेला मुलगा पूर्वीचा नव्हता. सांगितलेले घटकाभरात विसरे, क्षुल्लक कारणावरून आईवर खेकसे, दुपारपर्यंत अंथरूण सोडीत नसे. कोणी देवऋषी सुचविला. आणि मुलांची पारख असल्याचा अभिमान बाळगणारे आम्ही चारचौघांत त्यास ‘आळशी’ म्हणालो. तो शब्द आम्हांस आजही बोचतो.

पुढे रुग्णालयातील एका बाईंनी उलगडा केला. मेंदूच्या पुढील भागास मार बसला की बेत आखणे, राग आवरणे, आपण होऊन कामास लागणे या शक्तीच दुबळ्या होतात. हा आळस नव्हे, इजेचेच लक्षण होय.

मग आम्ही ओसरीवर शाळेची पाटी टांगली. दिवसाची कामे क्रमाने लिहावयाची, झाले की पुसावयाचे. एका वेळी एकच गोष्ट सांगावयाची. थकवा दिसताच विसावा द्यावयाचा. शेजारच्या किराणा दुकानदारांनी रोज दोन तास माल मांडण्याचे काम दिले. तो पूर्ण बरा झालेला नाही. परंतु आज आपली पाटी आपण लिहितो.

रुग्णालयाने सुरू केलेले काम घराने व गावाने पुढे चालविणे, यास समाजाधिष्ठित पुनर्वसन म्हणतात. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने हा मार्ग पुरस्कारिला. मुंबईस हाजीअली येथे १९५५ साली स्थापन झालेली पुनर्वसनाची मोठी संस्था आहे. पण जत वा पाटण तालुक्यातील कुटुंबाने तेथे किती हेलपाटे घालावेत? २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत मेंदूची इजा स्वतंत्रपणे नमूद नाही. मात्र तीमुळे कायमची वाचा गेली, चालणे अडले, तर त्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागता येते. अनेक घरांस हे ठाऊकच नसते.

आपली संस्था गुणवंतांचा सत्कार करते, वधूवर-सूची छापते. मग सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत अशा घरांची वास्तपुस्त कोणी करावी? प्रत्येक तालुक्यातून दोन कार्यकर्ते पुढे यावेत. त्यांनी प्रमाणपत्राचे अर्ज भरून द्यावेत, आठवड्यातून एक दुपार रुग्णापाशी बसून त्याच्या आईस वा पत्नीस उसंत द्यावी. दुकानदार बांधवांनी दोन तासांचे काम द्यावे. यास निधी फारसा लागत नाही, माणूस लागतो. आणि निदान एवढे तरी करावे, की अशा मुलास कोणी ‘आळशी’ म्हणू नये. आमच्या हातून घडले, ते आपल्या हातून न घडो.

इत्यलम्.