बंदूक कोणती घ्यावी, आणि कोणाचे ऐकून घ्यावी?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



अलीकडे गावोगावच्या बैठकांत कापसाच्या भावाच्या जोडीला एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, डुकरांसाठी बंदूक घ्यायची आहे, कोणती घ्यावी?" आर्वी-कारंजाकडे विचारतात, समुद्रपूरकडे विचारतात, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या सेलू तालुक्यात तर विचारतातच. विचारणाऱ्याजवळ सल्ले आधीच गोळा झालेले असतात. एक सांगतो, तीनशे पंधरा बोअरची रायफल घे, दुसरी बंदूकच नको. दुसरा सांगतो, बारा बोअरची दुनळी बरी. तिसरा म्हणतो, आजोबाची ठासणीची होती, तिच्यासारखी कोणतीच नाही. यातले कोणाचे ऐकायचे?

बियाण्याच्या बाबतीत आपण काय करतो ते आठवा. कोणी म्हणाले की अमुक वाणाला एकरी बारा क्विंटल कापूस झाला, तर आपण लगेच पाकीट आणत नाही. आधी विचारतो, जमीन भारी की हलकी? ओलीत की कोरडवाहू? पाऊस किती झाला? एका शेतातला अनुभव खोटा नसतो, पण तो त्या शेताचा असतो. बंदुकीच्या मालकाचे मतही असेच तोलून घ्यायचे.

पहिल्यांदा कायदा. रायफलवाला मित्र तुम्हाला हे सांगणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरी पडत नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आटे पाडलेल्या नळीची रायफल त्या ओळीत नाही. तिच्यासाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते, आणि ते मानायचे की नाही हे जिल्हाधिकारी कचेरीत ठरते. म्हणून रायफलीसाठी बैल विकायला काढण्याआधी परवाना कोणत्या हत्याराचा मिळणार, ते विचारून घ्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुक्कर आणि रोही दोन्ही संरक्षित आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, पण ती लेखी असावी लागते. २०१५ साली आपल्या राज्य सरकारने रोही आणि डुकरांपुरता हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. तो कागद हातात नसताना चाप ओढला, तर पीक वाचेल, पण शेतकरी आत जाईल.

आता हत्यारांकडे येऊ. तीनशे पंधराची रायफल कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत आली आहे. जुन्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलीच्या धर्तीवरची बोल्टची रायफल. बोल्ट वर उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलला की नवे आत जाते. पेटीत पाच काडतुसे बसतात. यंत्र साधे आणि मजबूत आहे, नेम चांगला लागतो, आणि तिची गोळी रानडुकराला पुरेशी आहे. मालक तिचे कौतुक करतात ते उगाच नाही.

पण ही गोळी डुकरापाशी थांबत नाही. नेम चुकला, तर ती दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपला मुलूख सपाट आहे. ज्वारीच्या पलीकडे शेजाऱ्याची पऱ्हाटी, तिच्या पलीकडे तिसऱ्याची तूर, आणि प्रत्येक धुऱ्यावर कोणीतरी जागलीला बसलेला. शिवाय कडक जमिनीवर तिरपी आदळलेली गोळी उडी मारून पुढे जाते. बारा बोअरच्या मोठ्या छर्ऱ्यांचा उपयोग साधारण तीस-चाळीस मीटरपर्यंत. पल्ला कमी म्हणून तिला कमी लेखतात, पण रात्रीच्या जागलीत तीस मीटरच्या पलीकडचे आपल्याला दिसते तरी किती? छर्रेही पुढे जाऊन माणसाला इजा करतात, हे मात्र विसरू नका. बंदूक कोणतीही असो, मचाणावरून खाली, मागे जमीनच असेल अशीच मारावी. नुसत्या आवाजावर आणि नुसत्या हालचालीवर कधीच मारू नये. ज्वारी हलते ती डुकरानेही हलते आणि शेजारच्या पोरानेही.

आता मते देणाऱ्यांकडे पाहू. एक असतो तो बंदूक रुबाबासाठी बाळगणारा. लग्नात खांद्याला आणि दसऱ्याला पूजेला. तिचा दस्ता कसा चमकतो हे तो सांगू शकेल, चिखलात आणि दवात ती कशी चालते हे सांगू शकणार नाही. दुसरा जुना शिकारी. त्याला हत्याराचे ज्ञान खरे आहे, पण त्याच्या गोष्टी १९७२ च्या आधीच्या आहेत. दिवसा, हाकारे घालून, मोकळ्या रानात केलेल्या शिकारीच्या. तिसरा दुकानदार. त्याला जे विकायचे तेच तो चांगले म्हणणार. आणि चौथा, ज्याने पैसे घातले आहेत आणि आता नाव ठेवायला जीव होत नाही असा. हा चौथा आपल्या सगळ्यांत थोडाथोडा असतो. महागाची जोडी घेतली की बैल मारका निघाला तरी आपण म्हणतो, चालतो चांगला.

तेव्हा मालकाला "बंदूक कशी आहे?" असे विचारू नका. त्याला हे विचारा. गेल्या हंगामात किती गोळ्या झाडल्या? किती अंतरावरून? रात्री की दिवसा? त्यानंतर डुकरे किती दिवस आली नाहीत? काडतूस केवढ्याला पडले आणि मिळाले कुठे? बिघडली तेव्हा दुरुस्तीला कुठे नेली? आणि सगळ्यात शेवटी, ऐन हंगामात ती तुझ्याजवळ होती का?

या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळांची मान खाली जाते. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ साली विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. तेव्हा ज्वारी कणसावर असते आणि कापूस वेचणीला. डुकरांना आचारसंहिता नाही.

मायबहिणींनी एक प्रश्न आणखी विचारावा. जागल नसेल त्या दिवशी ही वस्तू घरात कुठे राहणार? कुलुपाची पेटी कुठे, काडतुसे वेगळी कुठे, किल्ली कोणाजवळ? घरात दारू असेल, भांडण असेल, कर्जाची चिंता असेल, तर त्या घरात बंदूक आणू नये. आपल्या जिल्ह्यात हे सांगायला फार स्पष्टीकरण लागत नाही.

बंदूक काय करू शकत नाही, हेही पाहू. डुकरीण एका वेतात चार-सहा पिले देते. एखादे डुक्कर पडल्याने कळप संपत नाही, फार तर काही दिवस शेजारच्या शिवारात जातो. २०१६ साली शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात परवानगीने ५३ रानडुकरे मारली गेली. त्यावरून दिल्लीत मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांचा जाहीर वाद झाला. वाद गाजला, आणि शेतकरी पुन्हा मचाणावर गेला. सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून सांगतो. पिके फस्त करणाऱ्या जनावरांना वाचवण्यासाठी माणसाने नुकसान सोसावे, हे गांधीजींनाही मान्य नव्हते. १९४६ साली 'हरिजन'मध्ये त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. तेव्हा पीक राखणाऱ्याला कोणी हिंसक म्हणून हिणवू नये. पण कुंपणात विजेचा जिवंत तार सोडणे हे पीक राखणे नव्हे. त्याने वाघही मेले आणि माणसेही.

आता हिशेब मांडू. हुरडा भरल्यापासून ज्वारीची कणसे खुडेपर्यंत, आणि पुढे हरभऱ्याला, धरा साठ रात्री. रात्रीचे आठ तास म्हणजे साठ दिवसांची मजुरी. २०२५-२६ साली रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने जागलीची मजुरी १८,७२० रुपये झाली. त्याच हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता. म्हणजे पाच क्विंटलांहून जास्त ज्वारी नुसत्या जागलीत गेली. बंदूक, काडतुसे, परवान्यासाठीच्या चकरा यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. ज्वारी आपल्या शिवारातून का गेली याची कारणे अनेक आहेत, त्यात हे एक आहे.

कायद्याने परवानगी घेऊन मारलेले डुक्करसुद्धा सरकारची मालमत्ता ठरते. मेलेले सरकारचे, तर जिवंतपणी आमचे पीक खाते तेव्हा ते कोणाचे?

म्हणून प्रत्येक गावाने तीन कामे करावीत. एक, जागलीच्या रात्री वहीत लिहा, तारीख, शेत आणि पीक यांसह. दोन, नुकसान झाले की त्याच दिवशी अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, पोच घ्या. तीन, बंदूक घ्यायचीच असेल तर एकट्याने ठरवू नका. शिवारातल्या परवानाधारकांना एकत्र बसवा, वरचे प्रश्न विचारा, उत्तरे लिहून घ्या, आणि कोण कोणत्या रात्री कोणत्या धुऱ्यावर बसणार हे सगळ्यांना माहीत असू द्या.

पुढच्या बैठकीला येताना ती वही सोबत आणा. राखणीचा खर्च उत्पादन खर्चात धरा, नाहीतर तो सरकारने द्या, ही मागणी त्या वहीच्या जोरावरच करता येईल.