मुक्या प्राण्याने कोणते पाप केले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोडधोड बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र आज अशा रोगाविषयी बोलणार आहे, की ज्याचे नाव काढताच आपण पदर तोंडाशी नेतो. हा रोग म्हणजे कुष्ठरोग. जुनी माणसे त्याला महारोग म्हणत. पण आरंभ एका प्राण्यापासून करते.

अमेरिकेत आर्मडिलो नावाचा प्राणी आहे. आपल्याकडचे खवलेमांजर कुणी पाहिले असेल, तर तसेच अंगावर चिलखत घातल्यासारखा तो दिसतो. मात्र दोघांचे जवळचे नाते नाही, आणि आर्मडिलो आपल्या देशात आढळतही नाही. बीळ करून राहणारा, किडेमुंग्या खाणारा असा हा गरीब जीव. या प्राण्याला रानात कुष्ठरोग होतो!

हे कसे कळले ते सांगते. १८७३ साली नॉर्वे देशात डॉ. हॅन्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. परंतु हा जंतू मोठा हट्टी. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तो आजवर वाढलेला नाही. त्याला थंडावा मानवतो; म्हणूनच आपल्या शरीरात तो कानाची पाळी, नाक, कातडी आणि कातडीजवळचे मज्जातंतू धरून राहतो. आर्मडिलोचे अंग आपल्यापेक्षा थंड असते. १९७१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच्या शरीरात हा जंतू वाढवून दाखविला. तेथून मिळालेले जंतू मारून लस तयार करण्यात आली. १९९१ पासून तमिळनाडूत या लसीची, बी.सी.जी.च्या जोडीने, चाचणी झाली. आपल्या मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत तयार झालेल्या लसीचीही त्याच वेळी झाली. दोन्हींनी सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले.

पुढे लुइझियाना आणि टेक्सासच्या रानातल्या आर्मडिलोंतही हा रोग आढळला. त्यांना तो दिला कुणी? शास्त्रज्ञ म्हणतात, माणसानेच! समुद्रापलीकडून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर हा जंतू तिकडे गेला आणि माणसापासून प्राण्याला लागला. आता तो उलट फिरला आहे. तिकडचे काही रोगी आणि रानातले आर्मडिलो यांच्यात एकाच वाणाचा जंतू असल्याचे २०११ साली सिद्ध झाले.

भगिनींनो, आपण म्हणत आलो की हा रोग म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ. मग या मुक्या प्राण्याने कोणत्या जन्मी कोणते पाप केले? त्याने कुणाचे देणे बुडविले, की कुणाला शाप दिला? रोग पापाने होत नाही, जंतूने होतो.

आणि तो शिवल्याने लागत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासात, त्याच्या श्वासावाटे तो पसरतो. तरीही शंभरांतील सुमारे ९५ माणसांना तो होतच नाही. साधनाताई आमटे बाबांसमवेत आणि दोन तान्ह्या मुलांना घेऊन वरोऱ्याजवळ आनंदवनात, रोग्यांच्या सोबतीने राहिल्या. ती मुले पुढे डॉक्टर झाली आणि आईवडिलांचेच काम त्यांनी चालविले.

मग घात कशाने होतो? लपविण्याने. आपल्या भिवंडीत मागावर राबणारी, कांड्या भरणारी कुटुंबे दाटीवाटीने एकेका खोलीत राहतात. बाईच्या पाठीवर चट्टा उठतो. तो दुखत नाही, खाजत नाही. ती पदराआड झाकते. मुलीचे लग्न उरकू दे, मग बघू, म्हणते. तोवर हाताची बोटे वाकू लागतात, तव्याचा चटका बसला तरी समजत नाही. वेळेवर औषध घेतले असते तर ते हात शाबूत राहिले असते.

पूर्वी कायदाही बाईच्या बाजूचा नव्हता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात होते, मुस्लीम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यातही होते. २०१९ साली संसदेने हे कलम पुसून टाकले. कायद्याने पुसले, आता मनातून पुसायचे काम आपले.

म्हणून एवढे करा. न्हाऊमाखू घालताना मुलांचे अंग निरखा. आपली पाठ जावेला, नणंदेला, लेकीला दाखवा. ती आपल्याला दिसत नाही. कातडीच्या रंगाहून फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने त्यावर हळूच स्पर्श करा. स्पर्श कळत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर, नेमाने घ्यावे लागते. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून इतरांना लागण होत नाही. त्याची ताटवाटी वेगळी ठेवू नका.

आणि शेजारणीला हा रोग झाल्याचे कळले, तर पुढच्या हळदीकुंकवाला पहिले बोलावणे तिला पाठवा. एवढे आपल्या मंडळाने केले, तरी वर्धापनदिन सार्थकी लागला असे मी समजेन.