खजिन्याच्या शोधाचा खेळ आणि मेक्सिकोची पुराणकथा
(भाईंदर येथील शिक्षक-मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



खजिन्याच्या शोधाचा खेळ मुलांस किती प्रिय असतो, हे आपणांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. चिठ्ठी वाचावी, तिचा अर्थ लावावा, पुढील खुणेचे ठिकाण ओळखावे, यात वाचन, दिशाज्ञान आणि अनुमान यांचा अभ्यास नकळत घडतो. इयत्ता पाचवीसाठी रचलेल्या अशा एका खेळाचा आराखडा नुकताच माझ्याकडे आला. मेक्सिकोतील अॅझ्टेक लोकांच्या पुराणकथांचा त्यास आधार होता. कल्पना खचितच नवी होती. परंतु चुकीचे उत्तर देणाऱ्या गड्यास वेदीवर ‘बळी’ देऊन बाद करावयाचे, आणि अखेरीस शाळेमागची जमीन खणून मोहरांचा हंडा काढावयाचा, अशी त्यात योजना होती. आराखड्याचे कर्ते कल्पक आहेत, म्हणूनच या दोन गोष्टींविषयी बोलावेसे वाटते.

गुप्तधन हा शब्द आपल्याकडे केवळ गोष्टीतला नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लोभापायी स्त्रियांच्या व अजाण मुलींच्या हत्या झाल्या. २०१३ साली आपल्या राज्याने नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला, त्यातही गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला. आपल्या वर्गांतील कित्येक मुले दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांतील आहेत. अशा वार्ता त्यांच्या कानांवर गेलेल्या असतात. त्यांच्या खेळात बळी आणि पुरलेला हंडा यांची सांगड घालणे मला सर्वथा अनुचित वाटते.

अॅझ्टेकांत नरबळीची चाल होती, हे खरे. उत्खननांत तिचे पुरावे मिळाले आहेत, आणि मुले मोठी झाल्यावर इतिहासाच्या तासाला ते अवश्य सांगावे. परंतु त्या लोकांच्या कथाभांडारातून आपण तेवढेच उचलावे, हा त्यांच्यावरही अन्याय होय.

त्यांची एक कथा ऐका. पूर्वीचे जग नष्ट झाले, तेव्हा नवी माणसे घडविण्यासाठी जुन्या माणसांच्या अस्थी आणणे प्राप्त झाले. पिसे असलेला सर्पदेव क्वेत्झालकोआत्ल त्यासाठी मिक्तलान नामक पाताळात गेला. तेथील अधिपतीने अट घातली की, हा शंख वाजवीत चार फेऱ्या घाल आणि अस्थी घेऊन जा. पाहतो तो शंखास छिद्रच नाही! मग किड्यांनी शंख पोखरून भोके पाडली, मधमाश्या आत शिरून गुणगुणल्या, आणि शंख वाजला. परतताना देव खड्ड्यात पडला, अस्थींचे लहानमोठे तुकडे झाले, आणि म्हणूनच माणसे कमीअधिक उंचीची निपजली. दुसऱ्या एका कथेत हाच देव काळी मुंगी होतो, तांबड्या मुंगीच्या वाटेने डोंगराच्या पोटात शिरतो, आणि तेथून मका बाहेर आणतो.

येथे खेळाची सर्व सामग्री आयती आहे. कोडे आहे, वाट आहे, आणि खजिना आहे, तो धान्याचा! सोन्यास तर त्या लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘तेओकुइत्लात्ल’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ देवांची विष्ठा. सभेत हा शब्द उच्चारल्याबद्दल क्षमा असावी. मुलांस मात्र तो फार आवडेल. सोन्याची हाव धरली ती स्पॅनिश सैनिकांनी. ३० जून १५२० च्या रात्री राजधानीतून पळ काढताना त्यांच्यापैकी कित्येक जण सोन्याच्या ओझ्यासह पाण्यात बुडाले.

आता प्रत्यक्ष रचना. पाच-सहा मुलांचा एकेक गट करावा आणि प्रत्येकास किडा, मधमाशी, मुंगी अशी भूमिका द्यावी. मुंगीने जमिनीलगतच्या बारीक अक्षरांतील चिठ्ठ्या शोधाव्या. एरवी मागे राहणारे मूल या कामी पुष्कळदा सर्वांत तरबेज निघते. बंद पुठ्ठ्याची नळी देऊन ‘ही वाजवा’ असे सांगावे, आणि युक्ती त्यांची त्यांस शोधू द्यावी. उत्तनच्या कोळीवाड्यातील मुलांस शंख म्हणजे काय हे समजाविण्याचीही गरज नाही. गट चुकला, तर कोणास बाद करू नये. अस्थी फुटल्या तशी पुढची चिठ्ठी फाडून तिचे आठ तुकडे हाती द्यावे. ते जुळविण्यात वेळ जातो, एवढीच शिक्षा.

डब्यात मक्याचे दाणे व मिरचीचे बी ठेवावे. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला व १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला, एवढे आपण शिकवितो; परंतु मेक्सिकोकडील मिरची या देशात आणली तीही पोर्तुगीजांनीच, हे मुलांस ठाऊक नसते. ‘टोमॅटो’ हा शब्दही मूळचा नाहुआत्लच आहे.

हा खेळ घोडबंदरच्या किल्ल्यात घ्यावयाचा झाल्यास आवश्यक ती परवानगी आधी घ्यावी. तेथे काहीही पुरू नये, खणू नये, दगड हलवू नये. चिठ्ठ्या आपल्याच पिशव्यांत ठेवाव्या.

अखेरीस एक पायरी मी सुचवितो. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी मेक्सिको शहरात वीज कंपनीच्या कामगारांस खणताना एक प्रचंड कोरीव शिळा लागली. तिच्यावर कोयोल्शाउकी या देवीची मूर्ती होती. काम थांबले, तज्ज्ञांस कळविण्यात आले, आणि त्यातूनच तेथील महामंदिराचे मोठे उत्खनन उभे राहिले. आपल्याकडेही १८७८ च्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. म्हणून डबा हाती येताच गटाने तो न उघडता जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहावा. वस्तू कोणती, कोठे व केव्हा मिळाली, हे त्यात स्पष्ट यावे. जिल्हाधिकारी अर्थातच वर्गशिक्षक. अर्ज शुद्ध असेल तरच डबा उघडावा. मुले बहुधा दिनांक घालण्यास विसरतात, तेवढे तपासून घ्यावे. आणि दाण्यांपैकी थोडे परसबागेसाठी राखून उरलेल्यांच्या लाह्या कराव्या.