व्याजाचा वर्ण

(पनवेलच्या युवक मेळाव्यातलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. आज कविता नाय. आज हिशेब वाचतो.

मी न्हावा-शेवा बंदरात ठेकेदाराकडे कंटेनर बांधणारा मजूर. दहावी पास. वर्षापूर्वी बापाचं ऑपरेशन निघालं. बँकेत गेलो. साहेब म्हणाला, पगाराची स्लिप आण, तारण आण. ठेकेदार स्लिप देत नाय आणि घर नाल्याकाठचं, पत्र्याचं, तेही भाड्याचं. मग वस्तीतल्या सावकाराकडून वीस हजार उचलले. शंभराला दहा, महिन्याला. पुढं व्याज भागेना म्हणून मोबाइलच्या अ‍ॅपवर आठ हजार घेतले. हातात आले पाच हजार दोनशे. सातव्या दिवशी भरायचे आठ हजार. ते भरायला दुसरं अ‍ॅप, दुसऱ्यासाठी तिसरं. चार महिन्यांत देणं लाखावर गेलं.

मग फोन सुरू झाले. पहाटे पाचला, रात्री बाराला. माझ्या फोनमधले सगळे नंबर अ‍ॅपनं आधीच उचललेले. वसुलीवाल्यानं माझ्या फोटोवर 'चोर' लिहून मुकादमाला पाठवला, मावशीला पाठवला. आडनाव वाचून जात काढली. आईला काय बोलला ते इथं सांगणार नाय. तिनं फोन ठेवला आणि भाकऱ्या थापत बसली.

त्या रात्री मी गाढी नदीच्या पुलावर बराच वेळ उभा होतो. टोळीतला एक जण पाळी संपवून तिथून चालला होता. थांबला. म्हणाला, "चल घरी. मलापण येतात फोन."

दुसऱ्या दिवशी टोळीत विचारलं. चौदापैकी नऊ जणांना येत होते. खांद्याला खांदा लावून काम करणारे आम्ही, नऊ जण नऊ कोपऱ्यांत एकेकटे कुजत होतो. वसुलीवाला आपल्या लाजेवर जगतो, दोस्तांनो.

मनूनं व्याजालाही वर्ण दिला होता. महिन्याला शंभरामागं ब्राह्मणाकडून दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये, आपल्याच जिल्ह्यात, ती पोथी जाळली. पोथीची राख झाली, दर मात्र वाचला. आज ज्याच्याकडे बंगला त्याला कर्ज स्वस्त. ज्याच्याकडे फक्त खांदा, त्याला शंभराला दहा. मनूच्या शूद्राच्या दुप्पट!

आता कायदा ऐका. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाय. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करायची. रिझर्व्ह बँकेत नोंदलेल्या फायनान्स कंपनीला हा कायदा लागत नाय, पण तिला बँकेचे नियम आहेत. २०२२ साली रिझर्व्ह बँकेनं बजावलंय : वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी नाय, संध्याकाळी सातनंतर नाय, आणि अ‍ॅपनं तुमच्या फोनमधल्या नंबरांना हात लावायचा नाय. ज्या अ‍ॅपची कुठं नोंदच नाय, त्याच्यासाठी पोलीस आणि १९३० नंबर. प्रत्येक फोन रेकॉर्ड करा. पुसू नका.

आम्ही नऊ जणांनी एक वही घातली. मुद्दल किती, भरलं किती, कोणी काय धमकी दिली, सगळं तारखेसकट. माझ्याच पानावर दिसलं : सावकाराला अकरा महिन्यांत बावीस हजार नुसतं व्याज दिलंय, मुद्दल जागच्या जागी. मी एकटा जायचो तेव्हा तो मला दारात उभा ठेवायचा. नऊ जण वही घेऊन गेलो, तर त्यानं चहा मागवला.

देणं अजून फिटलेलं नाय. खोटं कशाला बोलू? बापाच्या औषधाला आजही उधारी आहे. घेतलेलं मुद्दल आम्ही नाकारत नाय. पण आईची अब्रू कुठल्या कागदावर तारण लिहून दिली नव्हती.

वही इथं टेबलावर ठेवतो. पुढची पानं कोरी आहेत. ज्याला फोन येतात त्यानं जाताना आपलं नाव लिहावं.

जयभीम.