मनगट आपलं, कीबोर्ड आपल्या मापाचा

आम्ही गोराईच्या बायका, बोरिवलीच्या खाडीपलीकडून बोलतोय.

आमच्यात कुणी सकाळी मासळी साफ करते, कुणी वाडीतली भाजी काढते. दुपारी त्याच हातांनी बचत गटाच्या नोंदी आणि ऑनलाइन अर्ज कॉम्प्युटरवर भरतो. मनगट दुखायला लागलं की दोन्ही कामं अडतात. विळी घेताना आपण पातं, पाट, उंची सगळं पारखतो. मग कीबोर्डच दुकानदार देईल तो का घ्यायचा?

आधी बसणं बघा. खांदे सैल, कोपर काटकोनात आणि मनगट सरळ रेषेत हवं. टेबल उंच वाटलं तर खुर्चीवर गोधडीची घडी घाला आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवा. कीबोर्डला मागे दोन छोटे पाय असतात, ते मिटूनच ठेवा. ते उघडले की मनगट मागे मुडपतं आणि तिथल्या नसेवर दाब येतो.

दुकानात कीबोर्ड जोडून मागा आणि पाच मिनिटं मराठीतून टाइप करा. बदलायचा झाला तर आम्हाला पुन्हा बोटीनं खाडी ओलांडावी लागते, म्हणून आम्ही तिथंच पारखतो. बटण हलक्या दाबानं खाली जावं. कीबोर्ड जाड नसावा, नाहीतर मनगट उचलून धरावं लागतं. हिशेब लिहिणारीला उजवीकडचे आकडे लागतात. बाकीच्यांनी आकड्यांविना आखूड कीबोर्ड घ्यावा, म्हणजे माउससाठी हात लांब जात नाही. मधोमध दुभागलेले कीबोर्डही मिळतात. त्यात हात सरळ राहतात, पण ते महाग असतात आणि सवय व्हायला दिवस लागतात. लॅपटॉप असेल तर तो डब्यावर उंच ठेवा आणि वेगळा कीबोर्ड जोडा. मान आणि मनगट दोन्ही सुटतील.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी शिकून घ्या. तीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यामुळे भार दोन्ही हातांत वाटला जातो. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. तिथं तर्जनी ठेवली की न बघता टाइप करता येतं, मान सारखी खाली जात नाही.

कीबोर्ड कितीही चांगला असो, अर्ध्या तासानं उठा, बोटं मोकळी करा. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असेल, तर बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपणातही असा त्रास होतो, तेही त्यांना सांगा.

‘काम म्हटलं की थोडं दुखणारच’, असं आपण फार पटकन म्हणतो. गटासाठी कॉम्प्युटर घ्यायचा ठराव होईल, तेव्हा कीबोर्ड आणि खुर्ची त्यावर बसणारीच निवडेल, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.